दोन रात्रींचं बिऱ्हाड

नागेश खोटं बोलला ते एकाच अक्षराचं. तेही धड अक्षर नव्हतं. नुसतं "हं".

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात कॅरॅव्हॅन बनवायचं एक वर्कशॉप आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत किचन, बेड, बाथरूम, कपाटं, सगळं. इथे हिवाळा आला की पैसेवाले लोक हे घर ओढत समुद्रावर नेतात आणि चार दिवस गरिबासारखं राहिल्याचं सुख घेतात. त्या घरांचं आतलं लाकूडकाम नागेश करायचा. गुहागरकडचा सुतार, हात असा की दोन फळ्यांच्या सांध्यात केस जाणार नाही.

राहायचा मात्र सहा माणसांच्या खोलीत. दुमजली खाटा तीन. तिथून बायकोला व्हिडिओ कॉल लावायचा म्हणजे मागे कोणी टॉवेलवर उभा, कोणी पाय वर करून घोरतोय, कोणी स्वतःच्या बायकोशी भांडतोय. म्हणून सहा वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो अर्ध्या बनलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसला आणि तिथून त्याने आशाला फोन लावला. मागे त्यानेच सकाळी बसवलेली किचनची कपाटं.

"अगो बाई," आशा म्हणाली, "किचन छान आहे हो तुमचं."

"हं," नागेश म्हणाला.

झालं. त्या एका हुंकारावर सहा वर्षांचा संसार उभा राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी कॅरॅव्हॅन बदलायची, आशा विचारायची, "परत जागा बदललीत?" आणि हा म्हणायचा, "कंपनी बदलते." तेवढं खरंच होतं. आशाला वाटायचं, नवरा चढतोय. दर वेळी आधीपेक्षा झकास घर. तिने वाडीत सगळ्यांना ती कपाटं वर्णन करून सांगितली. सासूला फोनवर दाखवली.

दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवसांची सुट्टी मिळायची, तेव्हा सांगता आलं असतं. पण चाळीस दिवसांत माणूस छप्पर शाकारेल, पोराची शाळा बघेल, बायकोच्या शेजारी गप्प पडून राहील, की "मी सहाव्या खाटेवर झोपतो" हे सांगेल? रोज उद्यावर गेलं.

इथल्या भाषेत नागेश बॅचलर. लग्नाला सोळा वर्षं, पोरगा आठवीत, तरी बॅचलर. ज्याची खाट कंपनीच्या खोलीत आणि बायको गावी, तो बॅचलर. लग्नाच्या माणसाला ब्रह्मचारी ठरवायची ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला महिनाभर वरच्या खाटेवर झोपवला पाहिजे, एसीच्या तोंडाखाली.

मागच्या वर्षी सासू, म्हणजे नागेशची आई, गेली. बारा वर्षं आशा त्या म्हातारीला धरून होती, ती मोकळी झाली. पोराला बहिणीकडे ठेवलं, तीस दिवसांचा व्हिजिट व्हिसा काढायला लावला आणि फोनवर सांगितलं, "एकदा तुमचं घर बघायचंय मला. स्वतःच्या हाताने त्या किचनमध्ये चहा करायचाय."

नागेशने जेवणाच्या सुट्टीत ते लियाकतला सांगितलं.

"आता बोल," लियाकत म्हणाला. लियाकत मंडणगडचा, वर्कशॉपची पिकअप चालवायचा आणि तयार कॅरॅव्हॅन ओढून न्यायचं काम त्याचं. "सहा वर्षं हं हं करत बसलास. आता बोल की."

"बोलतो."

"कधी? ती इमिग्रेशनला उभी असताना?"

मार्ग लियाकतनेच काढला. वर्कशॉपची एक पद्धत होती. कॅरॅव्हॅन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती समुद्रकाठच्या कॅम्पिंगच्या जागेवर नेऊन दोन रात्री वापरून बघायची. टाकी भरायची, सगळे नळ सोडायचे, गॅस पेटवायचा, एसी रात्रभर चालवायचा. कुठे गळतंय, कुठे कुरकुरतंय ते लिहून काढायचं. त्या यादीला सगळे स्नॅग लिस्ट म्हणतात. हे टेस्टिंग नागेश आणि लियाकत आलटूनपालटून करायचे. नियम एकच, गादीवरचं प्लास्टिक काढायचं नाही. टेस्टिंगवाल्याने खाली चटईवर झोपायचं.

"शुक्रवारी जेएलटीच्या पार्टीची गाडी टेस्टला जातेय," लियाकत म्हणाला. "भाभीला घेऊन तू जा. रविवारी सकाळी दहाला मी ओढायला येतो. पुढचे दिवस तिला अल नहदाला शहरबानूकडे ठेव, माझी बहीण आहे, एक खोली देते म्हणाली. पण रविवारच्या दहाच्या आत तुझ्या तोंडाने सांग. नाहीतर मी आलो की हूक लावताना मीच सांगणार. यल्ला, चल आता."

म्हणजे मुदत ठरली. रविवार, सकाळी दहा.

*

शुक्रवारी विमानतळावर आशा बाहेर आली ती एक हात कमरेवर ठेवून. नागेशने बॅग उचलली आणि त्याचा खांदा कुरकुरला.

"काय आणलंस यात? जांभा?"

"विळी आहे. सहा वर्षांत तुमच्या किचनात मला विळी दिसली नाही. मासळी काय दातांनी कापता?"

वाटेत तिने मासळीबाजार बघितलाच. बांगडे किलोला पंधरा दिरहम ऐकून तिने मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे साडेतीनशे! एवढ्यात आमच्याकडे बांगडा नवरी घेऊन येतो." तरी दोन किलो घेतले. लियाकत पिकअप चालवत गालातल्या गालात हसत होता. नागेश खिडकीबाहेर बघत होता. मागे कॅरॅव्हॅन डुलत येत होती आणि आशाने ती अजून आपल्याशी जोडली नव्हती. तिला वाटलं, लियाकतचं काहीतरी सामान.

उम्म अल क्वैनच्या पुढे किनाऱ्यालगत कॅम्पिंगची जागा. आखलेले प्लॉट, प्रत्येक प्लॉटला विजेचा खांब आणि पाण्याचा नळ. गेटवर अलीमियाँ. नागेश त्याला नऊ वर्षं ओळखत होता. नऊ वर्षं अलीमियाँने त्याला एकच जागा दाखवली होती, पार मागे, जनरेटरच्या शेडला लागून. बॅचलरना फॅमिलीच्या रांगेत उतरवायचं नाही असा त्याला वरून हुकूम होता, आणि अलीमियाँ हुकूम पाळायचा.

आज त्याने पिकअपमध्ये वाकून बघितलं. आशाने डोक्यावर पदर घेतला.

"फॅमिली?"

"फॅमिली," लियाकत म्हणाला, नागेशच्या आधी.

"तो आगे जाओ ना, भाई. पहली लाईन. समंदर के सामने."

तोच माणूस, तीच कॅरॅव्हॅन, तेच बूट. शेजारी एक बाई बसली आणि समुद्र मिळाला. नागेशला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच चीड आली.

लियाकतने कॅरॅव्हॅन लावली, तिचे टेकूचे पाय खाली सोडले, हूक काढला आणि जाताना नागेशच्या पाठीत एक बुक्की घातली. आशा वाळूत उभी राहून दारातून आत बघत होती.

"हे?" ती म्हणाली. "हे चाकांवर आहे?"

आता. आत्ताच सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण ती पायरी चढून आत गेली, कपाटाच्या दारावरून तिने हात फिरवला, आणि आतून तिचा आवाज आला, "अहो! हीच ती कपाटं! फोनवर दिसायची ती! म्हणून जागा सारखी बदलायची होय, घरच चाकांवर!"

ती नव्हेत. त्यांच्यासारखी तिसावी होती. पण हात त्याचाच होता, म्हणून तिने ओळखली. नागेश बाहेरच उभा राहिला, कारण डोळे पुसायचे होते.

तो आत गेला तेव्हा प्लास्टिक फाटत होतं.

"आशा, ते राहू दे!"

"का राहू दे? कुणाच्या घरात गादीवर प्लास्टिक ठेवतात? झोपताना चरचर वाजत नाही?" सर्रकन दुसरी गादी मोकळी झाली. "पुरुष एकटे राहिले की असंच. घर घेतात आणि दुकानासारखं ठेवतात."

नागेश त्या प्लास्टिकच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. एक नियम होता, तो गेला. ते फाटायच्या आधी बोलला असता तर दोन्ही वाचलं असतं, गादी आणि तो. आता काय बोलायचं? त्याने प्लास्टिकची घडी केली आणि सीटखाली सारली.

*

संध्याकाळी टेस्टिंग सुरू केलं, कारण ते तर करायचंच होतं. त्याने वही काढली, नळ सोडले, बॅटरीने सांधे तपासले. गळत नव्हतं. कुरकुरत नव्हतं. वर्कशॉपमधला अकरा वर्षांचा हात. त्याने वहीत लिहिलं, सर्व ठीक.

"काय ठीक?" आशा चहा ठेवत होती. "हा खण उघडला की माझ्या गुडघ्यात बसतो. बघा. चहाचं भांडं हातात असेल तर पोळणारच बाई."

त्याने बघितलं. खरं होतं.

"आणि हे वरचं कपाट गॅसच्या इतकं जवळ? मूठ तापलीय. हात लावा."

त्याने हात लावला आणि मागे घेतला.

"न्हाणीत खुंटी बघा कुठे ठोकलीय. उंटाने टांगायची का साडी? फडकं वाळत घालायला जागा नाही. विळी घेऊन खाली बसलं तर दार उघडत नाही. कुणी बनवलं हो हे? त्याने जन्मात कधी भाकरी थापली नसणार."

"नसणार," नागेश म्हणाला.

"लिहा की मग. वही घेऊन बसलाय ना?"

त्याने लिहिलं. एक, खण. दोन, मूठ. तीन, खुंटी. नऊपर्यंत आकडा गेला. अकरा वर्षांत इंजिनिअरने काढले नव्हते असे दोष ही बाई चहा उकळेपर्यंत काढून मोकळी झाली. त्याला राग यायला हवा होता. उलट त्याला बरं वाटत गेलं. लग्नाच्या सोळा वर्षांत ती त्याच्या कामाबद्दल पहिल्यांदाच बोलत होती, कारण पहिल्यांदाच ते काम तिच्यासमोर होतं. गावाला तो येतो तेव्हा पाहुणा असतो. पाहुण्याला कोण सांगतं खुंटी उंच झाली म्हणून?

चहा घेऊन दोघं पायरीवर बसली. सूर्य समुद्रात उतरत होता. शेजारच्या प्लॉटवर एक अरबी कुटुंब गालिचा अंथरून बसलं होतं. त्यातल्या आजीने यांच्याकडे बघून हात वर केला. आशानेही केला.

"आपल्याकडे समुद्र उजवीकडे बुडवतो का हो सूर्याला?"

"कुठेही उभी राहशील तसं."

"मेलं. सरळ उत्तर देतील तर शपथ."

ती हसली. मग म्हणाली, "आई असत्या तर त्यांना आणलं असतं." सांगायचं ते नागेशने पुन्हा उद्यावर टाकलं.

त्या रात्री तो मोकळ्या गादीवर झोपला. स्वतः बनवलेल्या बेडवर, आयुष्यात पहिल्यांदा. लाकूड जराही वाजलं नाही. ते वहीत लिहायचं राहून गेलं.

*

शनिवारी दुपारी बांगडे तळायचा घाट. आशा दारात पोतं टाकून विळीवर बसली, मासळी साफ केली, कोकमाचं आगळ लावलं. तव्यावर पहिला बांगडा पडला आणि सगळ्या पहिल्या रांगेला कळलं. शेजारची आजी नाक वर करून हसली. नागेशने सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला, दार उघडं धरलं. नवीन सीटांच्या कापडात वास मुरणार हे त्याला ठाऊक होतं. पण थांब म्हणायला कारण लागतं, आणि कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. दुपार झाली होती. हातात अजून एक रात्र होती. जेवण झाल्यावर सांगतो, असं त्याने मनात पक्कं केलं.

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली.

उतरली ती विनिता मॅडम. कॅरॅव्हॅन जिच्या नावावर होती ती. जुमेरा लेक टॉवर्समध्ये, म्हणजे जेएलटीत, नवऱ्याचं ऑफिस, ऑर्डर द्यायला दोघं दोनदा वर्कशॉपवर आलेली. मराठी माणसं. नागेशचं नाव ऐकून तेव्हा तिने "अरे वा, आपलेच!" म्हटलं होतं आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलली होती. आता रस अल खैमाला जाता जाता, आपलं खेळणं कसं दिसतंय ते बघायला वळली होती. बरोबर नऊएक वर्षांची मुलगी.

नागेश पुढे होईपर्यंत आशा दारात. हात पुसत.

"या, या! ह्यांच्या ऑफिसातल्या ना तुम्ही? चपला राहू देत हो, वाळूच आहे सगळी. बसा. घर आपलंच समजा."

विनिता पायरीवर एक पाय ठेवून थबकली. आशाने तिचं थबकणं संकोच समजून तिला हाताला धरून आत घेतलं, कुंकवाचा करंडा काढला आणि कपाळाला बोट टेकवलं. पहिल्यांदा दारात आलेली सवाशीण, तशी कशी पाठवायची? विनिताने आपोआप मान पुढे केली. लहानपणची सवय असणार. कुंकू लावून झाल्यावर तिने डोळे उघडले आणि तिला गादी दिसली.

"मम्मा," मुलगी म्हणाली, "दॅट्स माय बेड! व्हाय इज देअर अ सारी ऑन माय बेड?"

"मिहिका, वन मिनिट." विनिता नागेशकडे वळली. "नागेश, टेस्टिंग मला माहितीये. पण हे काय आहे? प्लास्टिक कुणी काढलं?"

"मी काढलं," आशा म्हणाली.

"कुणाला विचारून?"

आशाने नागेशकडे बघितलं. आपल्या घरात आलेली पाहुणी गादीचा जाब का विचारते, ते तिला कळेना. तवा चरचरत होता.

नागेश बोलला. तोंड उघडलं की कसं बोलता येतं, ते त्यालाही नवीन होतं.

"तिला माहीत नव्हतं, मॅडम. तिला वाटतं हे माझं घर आहे. मीच तसं वाटू दिलं. आशा, ही गाडी ह्यांची आहे. मी फक्त बनवली. सहा वर्षं फोनवर तुला दिसलं ते सगळं लोकांचं. मी सहाजणांच्या खोलीत राहतो. खाटेवर. वरच्या."

आशाने गॅस बंद केला. पहिल्यांदा ते केलं. मग तव्यावरचे दोन बांगडे उलथन्याने ताटलीत काढले, एकही तुकडी मोडू न देता. मग वळली.

"बाई, गादी मी झाडून देते. प्लास्टिक सीटखाली आहे, परत घालते. चूक झाली." आवाज जरासुद्धा हलला नाही. "पण आता आलाच आहात तर जेवून जा. घर तुमचं असेल. बांगडा माझा आहे."

विनिताने घड्याळात बघितलं. वाईट बाई नव्हती ती. पंचविसाव्या मजल्यावर राहिलं की खालची माणसं लहान दिसतात, तेवढाच तिचा दोष. कपाळावर ओलं कुंकू घेऊन ओरडता येत नाही, तीही अडचण होती. "नको, आम्हाला उशीर होतोय," ती म्हणाली. मुलीने तोवर एक तुकडी उचलून तोंडात टाकली होती.

"इट्स क्रंची, मम्मा."

"काटा बघ हो बाळा," आशा म्हणाली.

दारातून उतरताना विनिताने आवाज खाली आणला. मेहरबानी करताना माणसं आणतात तसा. "मी ऑफिसला काही सांगणार नाही. पण डिलिव्हरीला वास नको, हं? प्लीज."

पांढरी गाडी गेली. आशा ताटलीकडे बघत होती.

"जेवा," ती म्हणाली. "थंड होतील."

*

ती स्वतः जेवली नाही. दुपारभर तिने कॅरॅव्हॅन पुसली. लिंबू, साबण, परत लिंबू. सीटांची कापडं उन्हात टाकली, गाद्या झाडल्या, प्लास्टिक चिकटपट्टीने असं जोडून घातलं की शिवण दिसू नये. नागेश मदतीला आला की दुसऱ्या बाजूला जायची. साडेतीन मीटरच्या घरात माणसाला टाळायचं म्हणजे कसब लागतं. ते तिने केलं.

सूर्य कलल्यावर बाहेर येऊन वाळूत बसली. नागेश जरा अंतरावर बसला.

"आई जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाल्या," आशा समुद्राला सांगितल्यासारखी बोलली, "'नाग्या सुखात आहे. बघितलं मी. आता काळजी नाही.' त्या फोनमुळेच म्हणाल्या. ते एक पुण्य तुमच्या खात्यावर."

नागेशने वाळूत बोट खुपसलं.

"पण त्या चालल्या होत्या, म्हणून त्यांना फसवलंत ते चाललं. मी कुठे चालले होते? मी काय मरायला टेकले होते?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू दे की! वाईट वाटायला मला तुमची परवानगी लागते? सहा वर्षं मी रात्री पडल्यावर काय बघायचे ठाऊक आहे? तुम्ही त्या किचनात उभे. चहा करताय. मी कधी डावीकडे उभं करायचे, कधी उजवीकडे. नवऱ्याला कुठल्या खोलीत ठेवून झोपायचं हेसुद्धा मला खोटं दिलंत तुम्ही. मी चुकीच्या घरात झोपत होते हो, सहा वर्षं!"

शेजारची आजी गालिच्यावरून बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण नवऱ्याची कानउघाडणी कुठल्याही भाषेत कळते. तिने समाधानाने मान हलवली.

"उद्या तुमच्या खोलीवर न्या मला," आशा म्हणाली.

"बायकांना आत सोडत नाहीत."

"मी बायको आहे तुमची."

"म्हणूनच. बॅचलरची खोली आहे ती. गेटवरूनच परत पाठवतात."

"मग सांगा. कशी आहे ती खोली?"

नागेश सांगायला लागला. "खोली आहे. म्हणजे साधीच. सहा खाटा..." आणि थांबला. सांगता येईना. तो बोलणारा माणूस नव्हताच. आशा उठून आत गेली. त्या रात्री दोघं खाली चटईवर झोपली, पाठीला पाठ लावून, वरचे बेड तसेच मोकळे ठेवून.

*

रविवारी सकाळी ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मागे ओली, सपाट, रंधा मारल्यासारखी वाळू. आशा चूळ भरायला बाहेर आली तेव्हा नागेश तिथे उभा. हातात मोजपट्टी, कमरेला स्क्रू ड्रायव्हर.

"टोक धर," तो म्हणाला.

तिने विचारलं नाही कशाला. धरलं. त्याने बारा फूट मोजले आणि स्क्रू ड्रायव्हरने वाळूत रेघ ओढली. मग काटकोनात दहा. मग परत बारा. रेघ सरळ, कोपरे चोख. आतमध्ये त्याने साडेसहा बाय अडीचचे तीन चौकोन काढले, भिंतींना लागून. एका कोपऱ्यात लोखंडी कपाट, दुसऱ्यात सहाजणांचे बूट. दाराची जागा सोडली.

अलीमियाँ सकाळच्या फेरीवर सायकल हातात धरून आला. थांबला.

"ये क्या बना रहे हो, भाई?"

"कमरा."

"किसका?"

"मेरा."

अलीमियाँने चौकोन मोजले. ओठ हलले. "हमारे में आठ आदमी हैं," तो म्हणाला, आणि सायकल रेघेवरून न नेता बाहेरून वळसा घालून घेऊन गेला.

"दार कुठे?" आशाने विचारलं.

"तू उभी आहेस तेच."

तिने चपला बाहेर काढल्या आणि आत गेली. दोन खाटांच्या मधून जाताना अंग आपोआप आडवं केलं.

"इथे कोण?"

"खाली फोरमनचा भाचा. वर एक तेलंगणाचा."

"इथे?"

"खाली सोमनाथ. वर नवीन आलाय कोणी, अजून बोलत नाही."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

नागेशने मोजपट्टी गुंडाळली. "खिडकी नाही."

ती त्या सरळ रेघेकडे बघत राहिली. पलीकडे अख्खा समुद्र होता.

"जेवण?"

"खाटेवरच."

"कपाट चुकीच्या ठिकाणी आहे. दार पूर्ण उघडत नसेल."

"नाही उघडत."

"पलीकडे सरकवा. सोमनाथला सांगा, पाय आखडून घेईल." ती तिसऱ्या चौकोनाशी आली. "ही?"

"खाली दगडू. पंढरपूरकडचा, फार घोरतो. वर मी."

आशाने साडी पायावरून जराशी उचलली आणि हवेतल्या तीन पायऱ्या चढली. एक, दोन, तीन. मग अलगद बसली, पाय लोंबकळल्यासारखे पुढे सोडून. वर बघितलं, जिथे एसीचं तोंड असणार तिथे, आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

दूर गेटवर लियाकतच्या पिकअपचा हॉर्न वाजला. दहा वाजत आले होते.

"या," आशा म्हणाली.

"अडीच फूट आहे ती, आशा. दोघं मावत नाहीत."

"कोण म्हणतं?" ती भिंतीच्या रेघेला पाठ लावून सरकली आणि शेजारची ओली वाळू हाताने सारखी केली. "दारात चपला काढा. आणि हळू चढा, खाली दगडू झोपलाय."